खळीच्या टेबलावरची जागा

त्या बाईने आमच्याबद्दल वाईट लिहिलं असतं तर मी दोन शिव्या हासडून गप्प बसले असते. वाईट ऐकायची आम्हाला सवय आहे. ट्रॉय गावच्या कॉलरवाल्या बायका म्हणजे पगार टोप्यांवर उडवणाऱ्या, रविवारी नदीवर होडीत बसून खिदळणाऱ्या, नवऱ्याला न जुमानणाऱ्या. हे पाद्रीबाबांनी सांगून झालंय, पेपरवाल्यांनी छापून झालंय. छापा बापड्यांनो. पण या बाईने आम्हाला चांगलं म्हटलं. इतकं चांगलं म्हटलं, की माझ्या बहिणीच्या पोरीची रोजी जायची पाळी आली.

मी होनोरा स्कॅनलन. नवरा लोखंडाच्या ओतशाळेत भाजून मेला, तेव्हापासून कॉलरच्या कारखान्यात खळीच्या टेबलाशी उभी आहे. घराच्या वरच्या खोल्या कामकरी बायकांना भाड्याने दिल्यात. माझ्या घरात दारू नाही, पुरुष नाही, आणि रडायचं असेल तर जेवण उरकल्यावर. अख्ख्या अमेरिकेतले साहेब गळ्यात पांढरी कडक पट्टी अडकवून ताठ मानेने हिंडतात ना, त्यांची मान आमच्या बोटांनी ताठ केलेली असते. उकळती खळ टेबलावर ओतायची, कॉलर तिच्यात घालून बोटांच्या पेरांनी रगडायची, दोन पदरांचा एक पदर होईस्तोवर. मग पुसायची. एक फोड राहिला तर अख्खा डझन परत. डझन झाला की गठ्ठा बांधायचा, आपल्या नंबराची चिठ्ठी खोचायची, टोपलीत टाकायचा. संध्याकाळी वर ऑफिसात चिठ्ठ्या मोजतात. तिथल्या साहेबाला बाया दिसत नाहीत, चिठ्ठ्या दिसतात.

आणि नियम असा, की तीन दिवस चिठ्ठी आली नाही तर जागा गेली. फाटकापाशी रोज सकाळी पोरी उभ्याच असतात.

म्हणून आमची एक रीत आहे, जागा राखायची. कुणी बाळंतीण झाली, कुणाला ताप आला, कुणाची आई मरणाला टेकली, की टेबलावरच्या बाकीच्या जणी आपापल्या कामातला एकेक गठ्ठा तिच्या नंबरावर टाकतात. चिठ्ठी वर जाते, जागा राहते. कंपनीची एक कॉलरही कमी होत नाही. माझा धाकटा त्याचा बाप गेल्यावर झाला, तेव्हा माझी राखली होती. ज्यांनी राखली त्यांतल्या बऱ्याच आता मातीत आहेत. ही रीत बोलून दाखवायची नसते. नवऱ्याला सांगायची नाही, चर्चात कबुलीजबाबाला बसलं तरी सांगायची नाही. ज्यात पाप नाही ते कशाला कबूल करायचं?

तर डेलिया. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, सत्ताविसाव्या वर्षी विधवा, पदरात ॲग्नेस नावाची पोर. लग्नाआधी ती टेकडीवरच्या एका बंगल्यात मोलकरीण होती. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले, जा परत बंगल्यात, जेवूनखाऊन सुखी राहशील. पण बंगल्यात पोर चालत नाही. मोलकरणीने तिथेच राहायचं आणि पोरीला मठातल्या अनाथांत ठेवायचं. डेलिया म्हणाली, "नोनीमावशी, मला तुझ्या टेबलाशी उभी कर. बोटं जळली तरी चालतील, पण संध्याकाळी माझी पोर माझ्या ताटात जेवली पाहिजे." मी उभी केली, आणि दोघींना माझ्याच घरी ठेवून घेतलं. सहा महिन्यांत ती अशी तयार झाली, की माझ्या डाव्या हाताला तिच्याखेरीज दुसरी कुणी मला चालेना.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत तिच्या बोटाला चीर पडली. चिरा सगळ्यांनाच पडतात. हिची चिघळली. हात सुजून पावासारखा झाला, मनगटापासून लाल रेघ वर चढायला लागली. डॉक्टरने चिरा देऊन पू काढला आणि बजावलं, तीन महिने हा हात पाण्यातसुद्धा घालायचा नाही, नाहीतर कापावा लागेल. आम्ही तिची जागा राखायला लागलो. कुणी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी रोझ डुफ्रेनने आपला गठ्ठा बांधला, खिशातून डेलियाची चिठ्ठी काढली आणि खोचली. ही रोझ कॅनडाकडची फ्रेंच. हिची जीभ माझ्याहून लांब, आणि हे मी सहसा कुणाबद्दल कबूल करत नाही.

याच सुमाराला माझ्याकडे मिस मूर राहायला आली होती. माझ्याच शब्दावर तिला आमच्या टेबलावर काम मिळालं. गोरी, सडपातळ, पस्तिशीची. बोलणं मऊ. ॲप्रनची गाठ पाठीमागे मारता येईना. पहिल्या दिवशी खळीत हात घातला आणि अशी किंचाळली, की रोझ म्हणाली, "देवाला बोलावतेस होय? तो या मजल्यावर येत नाही गं, गरम होतं त्याला."

आम्ही काय समजलो, की ही बऱ्या घरची बाई नवऱ्याला टाकून आली आहे. आमच्याकडे अशा येतात. खोटं नाव सांगतात, पत्र कुणाचं येत नाही, दारावर थाप पडली की दचकतात. मिस मूर दचकायचीसुद्धा. मग काय विचारता! आम्ही तिला तळहातावर झेललं. कुणी काही विचारलं नाही. कारखान्यात ती इतकी संथ, की आठवड्याने काढलीच असती. म्हणून तिच्या नंबरावरही आम्ही गठ्ठे टाकायला लागलो. टाकताना तिने पाहिलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "स्कॅनलनबाई, हे तुम्ही का करता?"

मी म्हटलं, "पुसायचा कपडा घट्ट पिळ. ओला राहिला की फोड येतात."

थोड्याच दिवसांत ती गेली. न्यूयॉर्कला बहीण आहे म्हणाली. जाताना माझ्या गालाचा मुका घेतला. मला ते आवडत नाही, पण नवऱ्याच्या धाकाने पळत फिरणारी बाई, म्हणून घेऊ दिला.

पुढे एका शनिवारी रोझ माझ्या स्वयंपाकघरात आली. हातात बायकांचं मासिक, गुळगुळीत कागदाचं, वर टोपीवालीचं चित्र. बटाटे सोलत बसलेल्या आम्ही तिघी: मी, डेलिया एका हाताने, आणि वरची एक भाडेकरीण. रोझ म्हणाली, "ऐका. आपली मिस मूर नवऱ्याला टाकून आलीच नव्हती. तिला नवराच नाही. तिचं नाव मिस पेनफील्ड. ती गोष्टी लिहिते, आणि ही आपली गोष्ट आहे." मला वाचता येतं ते प्रार्थनेच्या पुस्तकापुरतं. म्हटलं, वाच.

सुरुवातीला काय हसलो आम्ही! गोष्टीत एक ईव्हलिन नावाची तरणी पोर आहे. ती चुलत्याच्या घरचं आयतं खाणं सोडून, कुणाच्याही आधाराशिवाय ताठ मानेने जगायला कॉलरच्या कारखान्यात येते.

"कुणाच्याही आधाराशिवाय?" मी म्हटलं. "मेली माझ्या हातच्या गठ्ठ्यांवर जगत होती!"

"थांबा, तुम्हीही आहात. नाव मदर ओग्रेडी. 'तिचे दंड गलबताच्या डोलकाठीसारखे, आणि अंतःकरण लोण्याचं.'"

"दंडांचं खरं आहे," डेलिया म्हणाली. "लोणी कुणाकडून उसनं आणलंस गं मावशी?"

मी तिच्यावर बटाट्याचं साल भिरकावलं. रोझ पुढे वाचत होती. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. गोष्टीत एका पोरीचा हात खळीने सडतो. तिची जागा जाऊ नये म्हणून सगळ्या बायका कशा गुपचूप तिच्या नंबराच्या चिठ्ठ्या खोचतात, कुठून काढतात, कशा खोचतात, वरचा साहेब कसा फसतो, सगळं लिहिलेलं. फार सुंदर लिहिलेलं. 'त्या वाफाळलेल्या खोलीत मला जे दिसलं ते मला कुठल्याच चर्चमध्ये दिसलं नव्हतं.' रोझने मासिक मिटलं. चुलीवर कोबी उतू जात होता, कुणी उठेना.

डेलिया म्हणाली, "गावाचं नाव घातलंय?"

"नाही."

"कारखान्याचं?"

"नाही. पण गोष्टीच्या वरती छापलंय, 'जी तिथे स्वतः राबली तिच्या लेखणीतून'."

डेलियाने बांधलेला हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकला, जणू कुणी तो बघेल.

सोमवारी दुपारी आमचे मोठे साहेब, क्रँडल, टेबलापाशी आले. वर्षा-वर्षात खाली न उतरणारा माणूस. नाकाला रुमाल. म्हणाला, "बायकांनो, माझ्या घरी एक गोष्ट वाचतायत. बायकोने काल जेवताना विचारलं, तुमच्या पोरी तुम्हाला अशा बनवतात का हो? मी हसलो." हसताना त्याला मी पाहिलेलं नाही. "गावात कॉलरचे कारखाने ढिगाने आहेत. कुठल्यावर लिहिलंय कुणास ठाऊक. पण ती लेखिका गुरुवारी महिला मंडळात बोलायला येतेय आणि माझी बायको तिला विचारणार आहे. आमचाच कारखाना निघाला, तर शुक्रवारी सकाळी मी स्वतः इथे उभा राहीन. प्रत्येकीने आपली चिठ्ठी हातात धरून यायचं आणि माझ्यासमोर एक डझन करून दाखवायचा. जी येणार नाही ती गेली. आणि जिने तिच्या नावाने चिठ्ठ्या टाकल्या असतील तीही गेली."

"साहेब," रोझ म्हणाली, "डझन तर पूर्ण भरतात ना? कॉलरी तुम्हाला कमी मिळाल्या का?"

"प्रश्न कॉलरींचा नाही. मला बनवल्याचा आहे."

तो गेल्यावर रोझ म्हणाली, आपली आतेबहीण विणकामाच्या गिरणीत आहे, तिला डेलिया म्हणून उभी करू. मी म्हटलं, तिला खळीत हात घालून डझन जमणार आहे का? शुद्धीवर ये.

मिस पेनफील्ड बुधवारीच आली होती, स्टेशनाजवळच्या मोठ्या हॉटेलात उतरली होती. मी कामावरून थेट गेले, ॲप्रनवर कोट चढवून. दारावरच्या माणसाने मागच्या दाराने जा म्हणून सांगितलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुढचं दार उघडलं.

ती मला बघून धावत आली. "स्कॅनलनबाई! वाचलीत तुम्ही?"

"वाचून घेतली. डेलियाला काढतायत त्यापायी."

सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. खोटा नव्हता उतरलेला, हे मी सांगते. मग मी म्हटलं, "तुमच्याकडून एकच हवंय. उद्या ती क्रँडलबाई विचारील. म्हणायचं, ही गोष्ट आहे, मी रचली. गोष्टच लिहिली ना तुम्ही? गोष्ट रचायचीच असते."

ती हातमोजे चाळवायला लागली. "ते मला नाही म्हणता येणार," म्हणाली. "ती खरी आहे म्हणूनच छापली. संपादक म्हणाले होते, बायका घरात बसून गिरण्यांवर लिहितात त्याला आम्ही कंटाळलोय, तुम्ही जाऊन राबून आलात म्हणून घेतो. वसंतात तिचं पुस्तक निघणार आहे. उद्या मी म्हटलं की मी रचलं, तर माझं सगळंच रचलेलं ठरेल. माझं कुणी पुन्हा छापणार नाही. मलाही दुसरं कुणी नाही हो, बाई. मीही लिहून पोट भरते. भाड्याची खोली माझीही आहे."

"मग तुमची जागा राखायला कुणी नाही?"

"नाही," ती म्हणाली.

मला तिची क्षणभर कीव आली, आणि मग त्या किवेचाच संताप आला. म्हटलं, "आम्ही राखली होती. चोर समजून नव्हे, पळून आलेली बाई समजून. तुमच्या चिठ्ठीवर पडलेला प्रत्येक गठ्ठा कुणाच्या तरी पोरांच्या तोंडचा होता. तो खाल्लात, वर तो किती चविष्ट होता हे मालकाला लिहून कळवलंत."

"मी तुमची स्तुती केली! देशभरातून बायकांची पत्रं येतात मला, वाचून रडतात..."

"रडू देत. त्यांच्या आसवांनी डेलियाचा हात बरा होत असेल तर बाटलीत भरून पाठवा."

ती रडायला लागली. मी तशीच निघून आले. दुसऱ्याचं रडू पुसायला मला वेळ नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी मी काळी टोपी घातली, मयतीला घालते ती, आणि रोझला घेऊन महिला मंडळात गेले. सभा सगळ्यांना खुली होती. पण खुली म्हणजे काय ते दारातच कळतं. आमच्यासाठी वाट करताना त्या बाया झगे असे आवरून घेत होत्या, जणू आम्ही चिखलाच्या गाड्या. मागच्या भिंतीपाशी बसलो. टोप्यांवर इतके पक्षी, की रोझ कुजबुजली, "या टोप्यांनी एकदम पंख मारले तर छत उडून जाईल."

मिस पेनफील्ड छान बोलली. आजची बाई बापाच्या, नवऱ्याच्या, भावाच्या दाराशी उभी न राहता स्वतःच्या हाताने कमावते, तिच्याकडे आदराने बघा, वगैरे. मधूनच तिची नजर माझ्यावर गेली आणि शब्द अडखळले. टाळ्या झाल्या. मग पहिल्या रांगेतून क्रँडलबाई उठली. जाडजूड, गोड आवाजाची. म्हणाली, "मिस पेनफील्ड, ते चिठ्ठ्यांचं प्रकरण फार हृदयाला भिडलं. आम्हा सगळ्यांना एकच उत्सुकता. ते खरं आहे का? आणि आमच्याच गावातलं आहे का?"

मिस पेनफील्डने पाण्याचा पेला उचलला, ठेवला. "माझ्या गोष्टीतला प्रत्येक शब्द..." ती म्हणाली.

पुढचा शब्द मी तिला बोलू दिला नाही. उभी राहिले. आवाज माझा यंत्रांवरून ओरडून कमावलेला आहे.

"बाईसाहेब, मी सांगते. ती मदर ओग्रेडी आहे ना गोष्टीतली, डोलकाठीवाली, ती मी. ही बाई आमच्या टेबलावर होती, हे खरं. बाकी सगळं तिच्या मनातलं."

सगळ्या टोप्या वळल्या.

"आम्ही कुणाच्या चिठ्ठ्या टाकत नाही," मी म्हटलं. "आम्हाला काय वेड लागलंय? डझनावर पैसे मिळतात. कुणी आजारी पडली तर बाकीच्या खूश होतात, तेवढीच टोपली लवकर हाताला येते. शेजारणीने पाठ फिरवली की तिचा गठ्ठा चोरणाऱ्या बाया आहेत आमच्यात. कुणाची जागा गेली तर आपल्या बहिणीला आणून उभी करतात. ही पोरगी आमच्याकडे आली, हिला काही जमेना. आम्ही हिला हसलो. हिच्या टोपलीत कुणी एक कॉलर टाकली नाही. कोपऱ्यात बसून रडायची. मग बिचारीने काय करावं? एकटं माणूस मनात मैत्रिणी रचतं. हिने अख्खं टेबल रचलं. गोष्ट म्हणून चांगली आहे. पण अशी माणसं आमच्यात नसतात, बाई. कुठे असतात कुणास ठाऊक."

माझ्या शेजारी रोझ खाली मान घालून बसली होती. तिच्या मानेवर लाल डाग उमटत होते.

आता सगळं मिस पेनफील्डच्या हातात होतं. तिने एक शब्द काढला असता, की ही बाई खोटं बोलतेय, तर माझं आणि डेलियाचं दोघींचं एकदमच आटोपलं असतं. ती उभी होती. ओठ हलले. मला वाटलं, आता बोलली. मग तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "लेखकाला थोडी मोकळीक घ्यावी लागते." आणि बसली.

मी आयुष्यात खूप शिव्या खाल्ल्यात, पण त्या सभागृहात पुढे जे झालं त्याच्याइतकं मला काही लागलं नाही. कुणीही म्हणालं नाही, की बाई, हे कसं शक्य आहे? कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. उलट सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. खुर्च्या कुरकुरल्या, टोप्यांवरचे पक्षी हलले. चिठ्ठ्या टाकणाऱ्या बायांवर विश्वास ठेवायचा तर त्यांना पुरावा हवा होता, लेखिकेची साक्ष हवी होती. चोरणाऱ्या बायांवर विश्वास ठेवायला माझा एक ॲप्रन पुरला. क्रँडलबाई शेजारणीला म्हणाली, आणि मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "मी ह्यांना म्हटलंच होतं. एवढी माया असती यांच्यात, तर आणखी काय हवं होतं!" मग माझ्याकडे बघून गोड हसली. "तुमचा प्रामाणिकपणा आवडला हं, बाई."

त्या हसण्यावर उकळती खळ ओतावी असं वाटलं. मी म्हटलं, "आभारी आहे, बाईसाहेब."

बाहेर थंडी होती. मिस पेनफील्ड आमच्यामागे पायऱ्या उतरून आली, कोटाशिवाय. "तुम्ही मला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलंत," म्हणाली.

"तुम्ही ठरू दिलंत."

"हो." तिने हात काखेत घातले. "मला डेलियाची पोर आठवली. माझ्या मांडीवर बसून बटणं मोजायची."

"पोर बुधवारीही होती, बाई."

ती म्हणाली, मी आता काय करू? मी म्हटलं, "आत जा, सर्दी होईल. आणि आमच्यावर लिहायचंच झालं, तर आमच्या शिव्या लिहा. त्यांनी कुणाची नोकरी जात नाही."

नदीच्या बाजूला उतरेपर्यंत रोझ माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. मला धास्ती वाटली. तिच्यासमोर मी तिच्यावर थुंकले होते. मग एकदम म्हणाली, "स्कॅनलनबाई, गठ्ठा चोरणाऱ्या बाया म्हणताना माझ्याकडे का बघितलंत?"

"तू जवळ होतीस म्हणून."

"हं. म्हटलं, तो गेल्या हिवाळ्यातला एक डझन अजून डोक्यात आहे की काय. तो मी चोरला नव्हता, तुम्हीच मोजायला चुकला होतात." आणि ती हसली. हसताना डोळे पुसत होती. मला हसू आलं नाही. मी चालत राहिले, आणि मुठी अशा आवळलेल्या, की घरी पोचल्यावर उघडायला त्रास झाला.

डेलिया चुलीपाशी जागी होती. सगळं सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "त्यांना लगेच पटलं?"

"लगेच."

"एकीनेही 'असं नसेल' म्हटलं नाही?"

"नाही म्हटलं ना!" मी ओरडले. ओरडायला दुसरं कुणी समोर नव्हतं. ती उठली, माझ्यापुढे चहा ठेवला, आणि बराच वेळ माझ्या पाठीवर बरा हात ठेवून उभी राहिली.

शुक्रवारी क्रँडल खाली आला नाही. डॉक्टरने सांगितलेले तीन महिने पुरे करून डेलिया टेबलाशी आली, माझ्या डाव्या हाताला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रोझने तिच्यापुढे खळ ओतली, म्हणाली, "मेमसाहेब, हवापालट झाला का?" आणि डेलियाने पहिली कॉलर उचलली.

वसंतात पुस्तक निघालं. तिने मला एक प्रत पाठवली. आत सही नव्हती, मी पाहिलं. चिठ्ठ्यांचं प्रकरण काढून टाकलं होतं. त्या जागी नवीन प्रकरण: कारखान्यात आग लागते, मालकाचा मुलगा ईव्हलिनला उचलून बाहेर आणतो, आणि शेवटी दोघांचं लग्न होतं. टेकडीवरच्या बंगल्यात ती नवरी होऊन जाते. मदर ओग्रेडीचं नावच उरलं नव्हतं. पेपरात छापून आलं, असं रोझने सांगितलं, की मासिकातल्यापेक्षा पुस्तक अधिक खरं वाटतं.

डेलियाने ते दोन रविवारांत वाचून संपवलं. मी इस्त्री करत होते. तिने पुस्तक मिटलं, मांडीवर उलटंसुलटं केलं.

"झालं लग्न?" मी विचारलं.

"झालं. मोठ्या थाटात. पण लग्न करून ती गेली, तर टेबलावरच्या तिच्या जागी कुणाला उभी केली, ते लिहायलाच विसरली बघ."